नळी गार होईपर्यंत

माझा नवरा बंदूक तापल्याशिवाय बोलत नाही. घरात तो मिठाची गुळणी धरून वावरतो. 'लोणी दे', 'पाऊस येणार', 'काळी व्याली' यापलीकडे त्याची गाडी जात नाही. अमेरिकेत, उत्तर मोंटानात राहणारे आम्ही मूळचे नॉर्वेजियन शेतकरी तसे सगळेच घुमे, पण ओर्लन ब्रेके हा त्या घुम्यांचाही शिरोमणी. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "आर्डिस, एक कुत्रा पाळ, म्हणजे घरात कुणीतरी बोलेल." कुत्राही पाळला. तोही ओर्लनवर गेला.

मे महिन्यात कुरणातली लसूणघास बोटभर वर आली की गोफर बिळांतून बाहेर पडतात. खारीपेक्षा थोडे जाड, मागच्या पायांवर ताठ उभे राहून शेजारणीसारखे इकडेतिकडे बघणारे. मला आधी ते फार गोड वाटायचे. मग माझ्या तांबड्या घोडीचा पाय त्यांच्या बिळात अडकून मोडला आणि ओर्लनला तिला गोळी घालावी लागली. त्या दिवसापासून मीही कुरणाच्या कडेला जाऊन बसायला लागले.

तिथे एका जुन्या ट्रेलरवर आमचं टेबल ठोकलेलं आहे. ओर्लन वाळूच्या पिशव्यांवर बंदूक ठेवून बसतो आणि मी शेजारी दुर्बिणीतून बघून सांगते, "मोठ्या दगडाच्या डावीकडे, दोघं जण." एकदा ऊन चढलं की गोफर इतके वर येतात की माणसाला थांबावंसं वाटत नाही, आणि तिथेच बंदुकीचा घात होतो. लागोपाठ गोळ्या झाडल्या की नळी तापते. तापलेल्या नळीतून तसंच झाडत राहिलं तर ती आतून जळते, आणि एकदा जळलेली नळी पुन्हा गोळी सरळ टाकत नाही. म्हणून थांबायचं. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारी खीळ, मागे ओढून उघडा ठेवायचा, बंदूक तोंड वर करून सावलीला टेकवायची, म्हणजे आतली गरम हवा धुराड्यातून जावी तशी निघून जाते. आणि मग वाट बघायची.

किती वाट बघायची, हे ब्रेके घराण्यात प्रार्थनेवर ठरतं. नळीवर तळवा ठेवायचा आणि जेवणाआधी म्हणतो ती चार ओळींची जुनी प्रार्थना म्हणायची. आमेनपर्यंत हात टिकला तर नळी गार झाली, पुन्हा भरा. मध्येच हात काढावा लागला तर आणखी थांबा. ओर्लनचे आजोबा देवभक्त होते पण भुकेलेही होते. ते प्रार्थना इतकी भरभर म्हणायचे की त्यांच्या नळ्या लवकर जळायच्या, असं घरात सांगतात. ओर्लन ती सावकाश म्हणतो.

त्या थांबण्याच्या वेळात मी थर्मासमधली कॉफी ओतते, रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा उघडते, आणि माझा नवरा बोलायला लागतो. का, ते मला ठाऊक नाही. हाताला काम नसतं म्हणून असेल, किंवा दोघांनाही समोर बघायचं असतं, एकमेकांकडे नाही, म्हणून असेल. त्याचा भाऊ नदीत कसा गेला ते त्याने मला तिथे सांगितलं. आमच्या मुलीचं, कारिनचं, नाव तिथे ठरलं. कारिनच्या पाठीवर आता आपल्याला दुसरं मूल होणार नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं होतं. त्या दिवशी नळी बर्फासारखी गार झाली तरी तो माझा हात धरून बसला होता, आणि समोर गोफर खुशाल चरत होते.

इतर लोक दोन-दोन, तीन-तीन बंदुका घेऊन येतात. एक तापली की दुसरी उचलायची. मी ओर्लनला कितीदा म्हटलं, "घे की दुसरी एक." तो म्हणायचा, "एक तापली की दुसरी? उद्या बायकोचंही तेच करायला सांगशील." मला वाटायचं, चिकटपणा. ब्रेके लोक वापरलेली सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवतात.

मागच्या शरद ऋतूत ओर्लनला आतड्याचा कॅन्सर निघाला. बिलिंग्जला ऑपरेशन झालं, आणि सगळा हिवाळा आम्ही औषधासाठी बर्फातून येजा केली. औषधाने बोटांना मुंग्या येतात, एवढंच तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "किती?" त्यांनी विचारलं. "थोड्या," तो म्हणाला. त्याने जन्मात कधी 'जास्त' हा शब्द वापरलेला नाही, हे त्या बाईंना कसं कळणार?

मग मे आला आणि आम्ही ट्रेलरवर जाऊन बसलो. पहिल्याच उबदार दिवशी गोफर नुसते उसळले होते. ओर्लनने दणादण गोळ्या झाडल्या, मग थांबला, डावा तळवा नळीवर ठेवला आणि प्रार्थना म्हणाला. शांतपणे, सावकाश, आमेनपर्यंत. मला जरा नवल वाटलं, कारण नळीवरची हवा चुलीवरच्या हवेसारखी थरथरत होती. पण त्याच्या हातावर मी कधी शंका घेतलेली नव्हती. त्याने पुन्हा बंदूक भरली. पुन्हा झाडल्या, पुन्हा तळवा, पुन्हा आमेन. हळूहळू गोळ्या भरकटायला लागल्या. सरळ उभा राहिलेला गोफर तसाच उभा राहायचा आणि माती हातभर लांब उडायची.

"वारा आहे," ओर्लन म्हणाला.

वारा नव्हता. मी दुर्बीण ठेवली आणि नळीला बोट लावलं. तव्याला लावावं तसा चटका बसला आणि मी बोट तोंडात घातलं. मग मी त्याचा डावा हात धरून उलटा केला. तळव्यावर पांढरा फोड टरारून आला होता, आणि तो मला विचारत होता, "काय झालं?"

त्याला काहीच लागलं नव्हतं. भाजलेला हात बघून जेवढी धडकी भरली नव्हती, तेवढी त्या प्रश्नाने भरली.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"उजवा बरा आहे."

"मी डाव्याचं विचारतेय."

"हिवाळ्यापासून," तो म्हणाला, आणि बंदूक आवरायला लागला.

बंदुकीची नळी जळून गेली होती, ती दुरुस्तीला पाठवली. आम्ही हात घेऊन बिलिंग्जला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघितली, कागद बघितले आणि सरळ सांगितलं. औषधाचा आणखी एक फेरा घेतला तर आजार परत येण्याची भीती बरीच कमी होईल. पण बोटांची जाणीव मग कायमची जाऊ शकते, उजव्या हाताचीसुद्धा. घ्यायचं की नाही, हे ओर्लनने ठरवून सोमवारी दुपारपर्यंत फोनवर कळवायचं.

"बघू," ओर्लन म्हणाला.

घरी येईपर्यंतच्या त्या लांबलचक रस्त्यात तो आणखी एक वाक्य बोलला. "हरणं आहेत," असं.

मी विचारून बघितलं. जेवताना विचारलं, गोठ्यात विचारलं, दिवा मालवल्यावर विचारलं. "बघू" याशिवाय उत्तर नाही. मला त्याला ढकलायचं नव्हतं. हात त्याचे होते, आणि त्या हातांशिवाय हा माणूस काय आहे, ते मला माहीत होतं. पण तो मला हवा होता. बधिर तर बधिर, पण समोरच्या खुर्चीत हवा होता, आणि हे त्याला सांगितलं की त्याच्यावर ओझं होईल म्हणून मीही गप्प होते. घरात दोघंही अळीमिळी गुपचिळी. मला एकच आशा होती. बंदूक दुरुस्त होऊन आली, आम्ही ट्रेलरवर गेलो, नळी तापली, की तो बोलेल.

शनिवारी शेन बंदूक घेऊन आला. शेन म्हणजे कारिनचा नवरा. लाखात एक जावई, पण बाजारात नवीन काही आलं की त्याच्या हाताला खाज सुटते. त्याने गावातल्या कारागिराकडून नवी नळी बसवून आणली होती, आणि सोबत एक डबा होता.

"बाबा, आता तुम्हाला हात लावायचंच काम नाही," तो म्हणाला. "ही पट्टी बघा, नळीला चिकटवलीय. हिरवी आहे तोवर झाडा. लाल झाली की थांबा. आणि थांबायचं तरी किती? हा घ्या पंखा. मागून नळीत बसवायचा, बटण दाबायचं, बॅटरीवर चालतो. डोळ्याचं पातं लवतंय तोवर नळी गार."

"आणि कॉफी कधी प्यायची?" मी विचारलं.

"कॉफी घरी प्या ना, आई."

ओर्लनने पंखा हातात फिरवून बघितला. "चांगला आहे," तो म्हणाला. शेन केवढा खूष झाला. बिचाऱ्याने सासऱ्याचा भाजलेला हात बघितला होता आणि त्याला जे सुचलं ते त्याने प्रेमाने केलं होतं. मी त्याला वड्या बांधून दिल्या आणि मनातल्या मनात त्या पंख्याला शिव्या घातल्या.

त्या दुपारी आम्ही कुरणावर गेलो. ओर्लन झाडायचा, पट्टी लाल व्हायची, तो पंखा लावायचा. पंखा भुंग्यासारखा घुंईं करायचा आणि मी झाकण उघडून कॉफी ओतेपर्यंत पट्टी हिरवी. एकदा मी घाईघाईने सुरुवात केली, "ओर्लन, त्या डॉक्टरीणबाई..."

"काय? पंखा चालू आहे," तो म्हणाला, आणि तेवढ्यात बंदूक भरलीसुद्धा.

इतके गोफर आम्ही एका दुपारी कधी मारले नव्हते. ससाण्यांची चंगळ झाली. माझी कॉफी कपात तशीच गार झाली आणि ओर्लन एक शब्द न बोलता घरी आला. मला वाटत होतं त्यालाही त्या दुपारची मजा आली नव्हती, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर तो ओर्लन कसला?

रविवारी ब्रेके घराण्यात बंदूक उचलत नाहीत. चर्चमध्ये सगळ्यांनी त्याला विचारलं, कसं आहे. "ठीक," असं त्याने सगळ्यांना वाटलं, प्रसाद वाटावा तसं.

सोमवारी सकाळी तो गुरांना बघायला गेला तेव्हा मी डबा उघडला आणि पंख्यातली बॅटरी काढून कोटाच्या खिशात टाकली. साबणाच्या वडीएवढीच होती, पण ट्रेलरपर्यंत जाताना ती मांडीला लागत राहिली आणि मला मी चर्चमधली मेणबत्ती चोरून नेतेय असं वाटत राहिलं.

ऊन चांगलं पडलं होतं. ओर्लनने झाडायला सुरुवात केली. नव्या नळीची गोळी सरळ जात होती. थोड्या वेळात पट्टी लाल झाली. त्याने बोल्ट उघडला, पंखा बसवला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. त्याने पंखा कानाशी नेऊन हलवला, मग माझ्याकडे बघितलं. मी थर्मासचं झाकण उघडत होते.

"चार्ज संपला असेल," मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला.

त्याने पंखा डब्यात ठेवला, बंदूक तोंड वर करून टेबलाला टेकवली आणि वड्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी कॉफी ओतली. थोडा वेळ आम्ही कुरणाकडे बघत बसलो.

"हात लावून बघायला हवा," मी म्हणाले. "पट्टीचं काय खरं? म्हण तू. मी हात ठेवते."

तो म्हणायला लागला. मी तळवा नळीवर ठेवला आणि दुसऱ्या ओळीलाच काढून घेतला.

"तापलीय?"

"चांगलीच."

"मग थांबू," तो म्हणाला, आणि टेकून बसला. असं त्याला टेकलेलं मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

आधी तो कुंपणाच्या खांबावर बसलेल्या पक्ष्याबद्दल बोलला. मग शेजाऱ्याच्या बैलाबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय. मी वडी खात राहिले.

"उजवाही जाईल म्हणाल्या त्या," शेवटी तो म्हणाला.

"जाऊ शकतो म्हणाल्या."

"डावाही 'जाऊ शकतो'च होता." त्याने उजव्या हाताची बोटं उघडमीट करून बघितली. "मग चाप कळणार नाही. वासराला दोरी बांधता येणार नाही. शर्टाची बटणं तर आत्ताच लागत नाहीत."

"म्हणून ते टिचबटणांचे नवे शर्ट आणलेस?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, म्हातारपणी कुणीतरी सापडली."

तो हसला.

"आणि नाही घेतलं औषध तर?" मी विचारलं. इतके दिवस हे विचारायचा मला धीर झाला नव्हता.

"तर हात राहतील. किती दिवस, कुणास ठाऊक." त्याने कप दोन्ही तळव्यांत धरला. "बाबा गेल्यावर आई सकाळी दोन कप काढायची, आठवतं तुला? दोन्ही भरायची. एक प्यायची आणि एक तसाच मोरीत ओतून द्यायची. मी कितीदा बघितलं. तुझ्यावर ती वेळ येईल तेव्हा येईल. पण मला हात हवेत म्हणून ती लवकर यायला नको." तो कुरणाकडेच बघत होता. "घेईन म्हणतो औषध. दुपारी फोन करतो."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. नाक पुसायला रुमाल काढायला गेले आणि रुमालाबरोबर बॅटरी खिशातून बाहेर आली, टेबलावर पडली. मी ती पटकन उचलून पुन्हा आत टाकली. ओर्लन पक्ष्याकडे बघत होता, किंवा तसं दाखवत होता.

"पुढच्या मेमध्ये गोळ्या तू झाड," तो म्हणाला. "तुझी नजर माझ्याहून बरी आहे. मी दुर्बीण धरेन. बंदुकीला हातही तूच लावायचा, मी फक्त प्रार्थना म्हणेन."

"मग दुसरी एक बंदूक घेऊ की. हलकी. म्हणजे एक तापली की..."

"आर्डिस," तो म्हणाला, "दुसरी बंदूक मी इतकी वर्षं का घेतली नाही असं वाटतं तुला?"

मी त्याला सबंध आयुष्यभर चिकट म्हणत आले होते, त्याच्या बहिणीला आणि कारिनलाही तसंच सांगत आले होते.

"म्हण आता पुन्हा," मी म्हणाले.

या वेळी मी तळवा बरोबर त्या पट्टीवर ठेवला. ओर्लन म्हणायला लागला, नेहमीपेक्षाही सावकाश. माझ्या हाताखालची नळी सकाळच्या बादलीसारखी गार होती. समोर गोफर बिळाबिळांतून वर येऊन ताठ उभे होते आणि आमच्याकडे बघत होते. आमेनला एकच ओळ राहिली तेव्हा मी हात झटकला.

"अजून तापलीय," मी म्हणाले.

पट्टी हिरवीगार होती. तिच्याकडे आम्ही दोघांनीही बघितलं नाही. ओर्लनने डावा हात पुढे केला, नवी गुलाबी कातडी आलेला, बधिर, आणि तो नळीवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग मागे घेऊन फुंकर घातली.

"हो," तो म्हणाला. "मलाही चटका बसला."

आणि त्याने कप माझ्यापुढे केला.